चेक लाइट, नवा सेन्सर आणि सकाळची टिकटिक

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. गाडी २०१४ ची, एक लिटरची तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. सहा महिन्यांपूर्वी सेकंडहँड घेतली, ८२,००० किलोमीटर झालेत, सीएनजी किट नाही. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. पहिल्या गॅरेजात स्कॅन मारला, पी०१७१ कोड आला, ऑक्सिजन सेन्सर बदलला, ४,५०० रुपये गेले. आठ दिवसांनी दिवा पुन्हा हजर. दुसऱ्या गॅरेजात पी०१७१ च्या जोडीला पी०४२० निघाला आणि आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या आधी बसणारा, धूर शुद्ध करणारा डबा) बदलायला सांगितलाय, खर्च २५,००० च्या पुढे. ॲव्हरेज १८ वरून १४ वर आलंय, सायलेन्सरचं टोक काळंकुट्ट असतं. स्कॅनरच्या पडद्याचे दोन फोटो तुम्ही जोडलेत. आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंत, की सकाळी गाडी चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं बॉनेटमधून टिकटिक आवाज येतो आणि मग आपोआप बंद होतो; मेकॅनिक म्हणाला टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) आहे, जुन्या गाडीत चालायचंच.

कन्व्हर्टर आत्ता बदलू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती टिकटिक आहे, आणि तिच्याकडे दोन्ही गॅरेजांनी बघितलेलं नाही. माझा अंदाज असा, की तुमच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून गळती आहे. म्हणजे इंजिनाच्या हेडला (वरच्या भागाला) जिथे एक्झॉस्टचा, धूर बाहेर नेणाऱ्या पाइपचा, पहिला लोखंडी भाग बोल्ट केलेला असतो, त्या सांध्यातून. गाडी समोर नसताना शंभर टक्के सांगणं बरोबर नाही, पण हा अंदाज कशावरून बांधला ते सविस्तर सांगतो. म्हणजे पुढच्या मेकॅनिकशी तुम्हाला नेमकं बोलता येईल.

मी साताऱ्यात १९९८ पासून ऑटो-इलेक्ट्रिकचं काम करतो. सुरुवातीची वर्षं कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर गेली. तेव्हा बिघाड शोधायचा तो कानाने, वासाने आणि प्लगच्या रंगावरून. स्कॅनर हातात आला आणि काम सोपं झालं हे खरंच, पण त्याबरोबर एक वाईट सवय आमच्या धंद्यात शिरली: कोड वाचायचा आणि कोडमध्ये ज्या पार्टचा वास येतो तो पार्ट बदलायचा. कोड हा आजाराचं नाव नसतो. पेशंट दवाखान्यात येऊन "ताप आहे" म्हणतो, तेवढंच कोड सांगतो. ताप कशाने आला ते डॉक्टरने शोधायचं असतं.

पी०१७१ चा अर्थ एवढाच, की मिश्रण लीन आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, असं ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतंय. पेट्रोल इंजिनाला एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. ते प्रमाण राखण्यासाठी एक्झॉस्टमध्ये पुढचा ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. जळून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो बघतो. ऑक्सिजन जास्त उरला तर त्याचा व्होल्टेज ०.१ च्या आसपास खाली जातो, कमी उरला तर ०.९ कडे वर चढतो, आणि चांगला सेन्सर या दोन टोकांमध्ये सारखा झोके घेत राहतो. आता एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: या सेन्सरला पेट्रोल दिसत नाही. त्याला फक्त ऑक्सिजन दिसतो. तो ऑक्सिजन सिलिंडरमधून आला की वाटेत फटीतून बाहेरची हवा आत ओढली गेली म्हणून आला, हे त्याला कळायचा मार्ग नाही.

आता तुमच्या फोटोतले आकडे. गरम इंजिन, आयडलवर (म्हणजे रेस न देता नुसतं चालू), लाँग टर्म फ्युएल ट्रिम +२१.९. रेस देऊन २,५०० आरपीएमवर धरल्यावर +४.७. हे दोन आकडे साडेचार हजारांच्या सेन्सरपेक्षा जास्त मोलाचे होते आणि ते पडद्यावर फुकट दिसत होते. ट्रिम म्हणजे ईसीएमने आपल्या ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडलं ते. निरोगी गाडीत हा आकडा शून्याच्या आजूबाजूला, फार तर अधिक-उणे १० च्या आत राहतो. तुमचा ईसीएम आयडलवर जवळजवळ २२ टक्के जास्त पेट्रोल ओततोय आणि तरी सेन्सर त्याला "अजून ऑक्सिजन दिसतोय" असंच सांगतोय. साधारण २० ते २५ च्या घरात आकडा गेला की ईसीएम हार मानतो आणि दिवा लावतो. पण रेस दिली की तोच आकडा ४.७ वर येतो, म्हणजे जवळपास ठाकठीक.

याने बरेच संशयित एका झटक्यात सुटतात. पेट्रोल पंप थकला असता किंवा फिल्टर चोंदला असता तर उलट झालं असतं. आयडलला भागलं असतं आणि जास्त पेट्रोल लागताना, म्हणजे रेसला आणि चढावर, कमी पडलं असतं. तुमची गाडी यवतेश्वरच्या घाटात पिकअप सोडत नाही असं तुम्हीच लिहिलंय. त्यामुळे पंपाला हात लावू देऊ नका. सेन्सर स्वतः खराब असता तर तो रेसला अचानक शहाणा झाला नसता.

फ्रीझ फ्रेमही हेच सांगते. कोड लागला त्या क्षणी गाडीची स्थिती काय होती त्याची ईसीएमने ठेवलेली ती नोंद. तुमच्या दुसऱ्या फोटोत वेग ०, आरपीएम ८००च्या आसपास आणि पाण्याचं तापमान ८९ दिसतंय. गाडी सिग्नलला किंवा दारात गरम होऊन उभी होती. हा फोटो काढून ठेवलात ते फार बरं केलंत, कारण कोड पुसला की ही नोंदही पुसली जाते, आणि बहुतेक गॅरेजांत आधी पुसतात आणि मग विचार करतात.

आयडलला लीन, रेसला ठीक, असं दिसलं की पुस्तकी उत्तर येतं व्हॅक्युम लीक. थ्रॉटलच्या (हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या) पुढे कुठेतरी पाइप फाटला, सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलं, ब्रेक बूस्टरची नळी तडकली आणि तिथून हवा आत शिरली. बरोबर आहे, पण इथे एक बारकावा आहे. ज्या गाड्यांत एअर फिल्टरनंतरच्या पाइपवर हवा मोजणारा मास एअर-फ्लो सेन्सर असतो, त्यांना हे उत्तर तंतोतंत लागू पडतं, कारण चोरवाटेने आलेली हवा त्या सेन्सरच्या हिशेबात येतच नाही. तुमच्या बॉनेटखालच्या फोटोत तसा सेन्सर मला दिसत नाही. इनटेक मॅनिफोल्डवर मॅप सेन्सर दिसतोय, जो आतला दाब मोजतो. अशा गाडीत हवा कुठूनही शिरली तरी आतला दाब वाढतो, तो मॅप सेन्सरला दिसतो, आणि ईसीएम त्या मानाने पेट्रोलही वाढवतो. त्यामुळे व्हॅक्युम लीक असेल तर या गाड्यांत आयडल वर चढून बसतं, गाडी ११००-१२०० वर घुमत राहते. तुमचं आयडल ८००च्या आसपास जागेवर आहे. म्हणून मी व्हॅक्युम लीकला दुसऱ्या नंबरवर ठेवतो. तपासायचं, पण नंतर.

आणि खरा पुरावा तुम्हीच दिलाय. कॉम्प्युटर म्हणतो पेट्रोल कमी आहे. पण ॲव्हरेज पडलंय आणि सायलेन्सर काळा पडतोय. पेट्रोल खरंच कमी जात असतं तर काजळी कुठून आली असती? एक प्लग काढून बघा. मिश्रण खरंच लीन असेल तर प्लगचं पांढरं चिनीमातीचं टोक पांढरंफटक, कोरडं दिसतं. तुमचे प्लग काळे, मखमलीसारखी काजळी धरलेले निघतील अशी माझी खात्री आहे. म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त आहे आणि सेन्सरला ऑक्सिजनही जास्त दिसतोय. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायच्या तर तो ऑक्सिजन सिलिंडर सोडल्यानंतर आणि सेन्सरच्या आधी कुठेतरी आत आला पाहिजे. त्या टप्प्यात आहे काय? एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्याचं पॅकिंग, बस्स.

आतून धूर बाहेर फेकला जातो, मग हवा आत कशी शिरेल, असं तुम्हाला वाटेल. एक्झॉस्टचा प्रवाह नळाच्या पाण्यासारखा एकसंध नसतो. एकेका सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला की एक धक्का येतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये दाब क्षणभर वातावरणाच्याही खाली जातो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर १८० अंशांना एक धक्का, तुमच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात दर २४० अंशांना. म्हणजे मधली मोकळी जागा जास्त. आयडलला धक्के विरळ, धूर थोडा. फटीतून चिमूटभर हवा आत आली तरी सेन्सरला ती मोठी वाटते. रेस दिली की धुराचा लोंढा इतका वाढतो की तेवढीच हवा त्यात हरवून जाते. +२१.९ चा +४.७ होण्याचं कारण हे.

टिकटिकीचंही तसंच. थंड असताना लोखंड आकसलेलं असतं, फट उघडी असते, आणि प्रत्येक धक्क्याला त्यातून धूर फटकन बाहेर येतो. मॅनिफोल्ड तापला की फुगतो आणि फट बऱ्यापैकी मिटते, पण पूर्ण नाही. आवाज जातो, गळती थोडी उरते. टॅपेटचा आवाज वेगळा असतो. तो वरून, हेड कव्हरखालून येतो, शिलाई मशीनसारखा कोरडा, आणि सहसा असा दोन-तीन मिनिटांत गायब होत नाही. एक्झॉस्टच्या टिकटिकीत हवेचा फुस्स मिसळलेला असतो आणि थंड इंजिनाला जराशी रेस दिली की ती मोठी होते. मीटरभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी धरा, दुसरं मॅनिफोल्डच्या सांध्याजवळ फिरवा. हेड कव्हरपाशी आणि सांध्यापाशी आवाजात फरक किती पडतो ते लगेच कळतं. नळी पंखा आणि पट्ट्यापासून लांब ठेवा, आणि सैल बाह्यांचा शर्ट घालून हे करू नका.

दोन वर्षांपूर्वी कोरेगावकडची एक गाडी माझ्याकडे आली होती, अशीच दोन सेन्सर बदलून. मॅनिफोल्डवर पत्र्याचं एक कव्हर असतं, उष्णता अडवणारं. त्याचे तीन बोल्ट काढून ते बाजूला केलं. तिसऱ्या सिलिंडरच्या सांध्याशी हेडच्या चांदीसारख्या धातूवर काळा डाग होता, हाताचा पंजा पसरल्यासारखा, सांध्यापासून बाहेर फाकत गेलेला. बोट फिरवलं तर काजळी सुकी, काजळासारखी मऊ. वर बघितलं तर त्या कोपऱ्यातल्या स्टडला (हेडमध्ये बसवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टला) नटच नव्हता. कधी गळून पडला कोणास ठाऊक. आधी कोणीही ते पत्र्याचं कव्हर उघडलं नव्हतं. ते उघडायला मला सात मिनिटं लागली होती.

तेव्हा तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी थंड असताना कव्हर काढून टॉर्चने सांध्याची पूर्ण रेघ बघा, खालची बाजू आरशाने. काळा फाकलेला डाग दिसला तर निम्मं काम झालं. नाही दिसला तर गाडी बंद आणि थंड ठेवून घरच्या व्हॅक्युम क्लीनरची फुंकर मारणारी बाजू सायलेन्सरच्या टोकाला लावा, भोवती कापड गुंडाळा, आणि सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडा. गळती असेल तिथे बुडबुडे येतात. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघतो, तीच युक्ती. गळती हेडपाशीच असेल असं नाही. सेन्सर जिथे आटा फिरवून बसवलाय तिथेही बघा, कारण तो नुकताच काढून नवा बसवलाय आणि तिरका बसला असेल तर गळती तिथेही असू शकते. काही जण कार्ब-क्लीनरचा स्प्रे मारून इंजिनाचा आवाज बदलतो का ते बघतात. इनटेकच्या बाजूला ते चालतं, पण गरम एक्झॉस्टवर तो स्प्रे पेट घेतो. मी स्वतः करत नाही आणि तुम्हीही करू नका.

एक सावधगिरी. ही गळती बॉनेटखाली आहे, आणि केबिनमध्ये ताजी हवा घेणारी जाळी काचेच्या खाली, बॉनेटच्या मागच्या कडेलाच असते. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभी ठेवून एसी लावून आत बसू नका, बंद पार्किंगमध्ये चालू ठेवू नका, आणि चालवताना डोकं जड वाटलं तर थांबून काचा उघडा. घरात लहान मूल असेल तर त्याला या काळात गाडीत न्यायचंच टाळा.

दुरुस्तीबद्दल. पॅकिंग स्वस्त असतं, काही शे रुपयांचं. पैसे जातात मजुरीत, आणि धोका असतो स्टडचा. दहा-अकरा वर्षं तापून-थंडावून नट गंजतात, आणि जोर लावला की स्टड हेडमध्येच तुटतो. मग ड्रिल करून काढायचा म्हणजे आख्खा दिवस. म्हणून आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल नटांवर मारून ठेवायला सांगा, सकाळी पुन्हा एकदा. नट सुटताना जड वाटला तर थोडा मागे, थोडा पुढे करत सोडवायचा. नुसती लांब पाइप लावून ताकद लावणारा मेकॅनिक असेल तर त्याला थांबवा. मॅनिफोल्ड काढल्यावर त्याच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरून खाली प्रकाश दिसतो का ते बघायचं. वाकलेला असेल तर नवं पॅकिंगही चार महिन्यांत जातं, आणि आपण पुन्हा इथेच. वाकलेला मॅनिफोल्ड लेथवाल्याकडे नेऊन तोंड सपाट करून मिळतं. नट नवे घ्या आणि मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जात, टॉर्क रेंचने, कंपनीच्या आकड्याला आवळायला लावा. सिलिकॉनची ट्यूब पिळून सांधा बुजवणारे आहेत. लाल असो की काळी, तिथलं तापमान ती सहन करत नाही. नको म्हणून सांगा.

आता पी०४२०. त्याचा अर्थ, कन्व्हर्टरचं काम ठरलेल्या पातळीच्या खाली आहे असं ईसीएमला वाटतंय. हे त्याला कसं कळतं? कन्व्हर्टरच्या मागे दुसरा ऑक्सिजन सेन्सर असतो. कन्व्हर्टर चांगला असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि वापरतो, त्यामुळे पुढचा सेन्सर झोके घेत असला तरी मागचा ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास शांत राहतो. मागचाही पुढच्यासारखाच झोके घ्यायला लागला, की समजायचं आतली जाळी निकामी झाली. पण हा सगळा हिशेब पुढच्या सेन्सरवर आणि न गळणाऱ्या पाइपवर उभा आहे. पाइप गळत असताना कन्व्हर्टरला दोषी ठरवणं म्हणजे तराजूची दांडी वाकडी असताना मालाचं वजन ठरवणं. शिवाय गेले काही महिने जास्तीचं पेट्रोल त्या जाळीवर जाळलं जातंय, तिच्यावर काजळी बसली असेल. ती बरीचशी हायवेवर गाडी पळवल्यावर जळून जाते. म्हणून क्रम असा: आधी गळती बंद, मग कोड पुसा, मग गाडी पळवा, आणि मग कन्व्हर्टर तपासा. त्यानंतरही पी०४२० आला तर गोष्ट वेगळी. गाडी सेकंडहँड आहे म्हणून तेव्हा एक गोष्ट जरूर करा. थंड असताना कन्व्हर्टरच्या पत्र्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोका. आत खडखडलं तर जाळी फुटलीय. पोकळ डब्यासारखा आवाज आला तर आधीच्या कोणीतरी ती काढून टाकलेली असू शकते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असतात आणि भंगारात तिला चांगला भाव येतो. याच कारणाने, कन्व्हर्टर कधी बदलायची वेळ आलीच, तर जुना तुमच्या ताब्यात मागून घ्या.

पहिल्या गॅरेजात सेन्सर बदलल्यावर दिवा आठ दिवस का गेला, हा तुमचा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर सेन्सरमध्ये नाही. कोड पुसला की ईसीएमने शिकलेला +२१.९ चा आकडाही शून्यावर येतो. तो पुन्हा हळूहळू वर चढतो, आणि असल्या बिघाडांत दिवा लागण्याआधी तोच दोष साधारण लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसावा लागतो. तुमच्या घरापासून बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत एवढे दिवस सहज निघतात. काही न बदलता नुसता कोड पुसला असता तरी दिवा आठवडाभर गेलाच असता. जुना सेन्सर त्यांनी परत दिला असेल तर फेकू नका. बहुधा तो चांगलाच आहे.

हीच गोष्ट सेकंडहँड गाडी विकताना वापरली जाते, आणि तुमच्या बाबतीत तसं झालं असेल अशी मला शंका येते. विकायच्या आदल्या दिवशी कोड पुसला, गिऱ्हाईक चक्कर मारून खूश. हे पकडता येतं. ओबीडी (गाडीची स्वतःची बिघाड तपासणारी यंत्रणा) वाचणाऱ्या स्कॅनरमध्ये रेडिनेस नावाचं पान असतं, ईसीएमने स्वतःच्या कुठल्या चाचण्या पूर्ण केल्या ते दाखवणारं. कोड नुकताच पुसला असेल तर कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंसमोर "अपूर्ण" येतं. बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तेही दिसतं. ८२,००० पळालेल्या गाडीत तिथे ११ किलोमीटर दिसलं तर विकणाऱ्याला कारण विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून ओबीडीची दुसरी पायरी सक्तीची झाली, त्यामुळे तुमच्या २०१४ च्या गाडीशी हजार रुपयांच्या आतला ब्लूटूथ डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) आणि मोबाइलवरचं ॲपही बोलू शकतं. त्याआधीच्या गाड्यांत ते बोलेलच असं नाही; तिथे मल्टिब्रँड स्कॅनर लागतो. डोंगल घेतलात तर कायम लावून ठेवू नका, उभ्या गाडीची बॅटरी उतरवतो.

आणि डोंगलही लागत नाही अशी एक तपासणी आहे, ती गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने करावी. किल्ली ऑन करा, इंजिन चालू करू नका. चेक इंजिन, ऑइल, बॅटरी, एअरबॅग, एबीएस असेल तर तो, सगळे दिवे लागलेच पाहिजेत. इंजिन चालू झाल्यावर ते आपापल्या वेळेने विझले पाहिजेत. चेक लाइट आधी लागलाच नाही तर गाडी निरोगी आहे असं समजू नका, दिवा मारलेला आहे असं समजा. एका शिक्षकांच्या गाडीचं क्लस्टर, म्हणजे डॅशबोर्डवरचं मीटर, मी उघडलं होतं, त्यात त्या छोट्या एलईडीवर काळी चिकटपट्टी नीट कापून, कडा दाबून लावलेली होती. दुसरा प्रकार याहून वाईट: चेक लाइटची वायर ऑइलच्या दिव्याला जोडून ठेवतात, म्हणजे दोन्ही बरोबर लागतात आणि बरोबर विझतात. म्हणून विझण्याची वेळही बघा. अगदी एकाच क्षणी जोडीने विझले तर चौकशी करा.

दिव्याच्या रंगाबद्दल तुम्ही विचारलंत, ते पटकन सांगतो. स्थिर पिवळा चेक लाइट असेल तर गाडी जपून चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. तोच दिवा लुकलुकायला लागला तर मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. रेस सोडा, बाजूला घ्या, टो करून न्या. लाल ऑइलचा दिवा चालत्या गाडीत लागला तर तिथल्या तिथे इंजिन बंद, पुढच्या पंपापर्यंतही नाही. तापमानाचा लाल दिवा, तसंच. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. बॅटरीचा लाल दिवा म्हणजे बहुतेक वेळा अल्टरनेटर चार्ज करत नाही, तेव्हा एसी, टेप बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. पण त्याचबरोबर तापमान चढायला लागलं तर पट्टा तुटलाय, तिथेच थांबा. आणि कधी एकदम सात-आठ कोड, एकमेकांशी संबंध नसलेले, निघाले तर आधी मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या जवळ, स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली नाही, चालू इंजिनावर १३.८ ते १४.५. हे जुळलं नाही तर बॅटरी, तिचे टर्मिनल आणि बॉडीची अर्थिंग नीट केल्याशिवाय एकाही सेन्सरला हात लावायचा नाही.

पुन्हा तुमच्या गाडीकडे येतो. गॅरेजात गेल्यावर "दिवा घालवून द्या" असं म्हणू नका. "आयडलला ट्रिम +२१.९ आहे, २,५०० ला +४.७ आहे, प्लग काळे आहेत, सकाळी टिकटिक येते, मॅनिफोल्डचं पॅकिंग बघा," असं सांगा, आणि कव्हर काढताना शेजारी उभे राहा. काम झाल्यावर कोड पुसायला लावा आणि साधारण २०० किलोमीटर चालवा, त्यात अर्धा तास तरी सलग हायवे असू द्या. मग गरम इंजिनावर आयडलचा आणि २,५०० चा आकडा पुन्हा घ्या. गळतीच होती तर दोन्ही शून्याच्या जवळ, एकमेकांच्या आसपास आलेले दिसतील. आयडलचा आकडा १२-१५ वर अडकला तर मला कळवा, मग इनटेकची बाजू आणि कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) बघू. सोबत २,५०० वर स्थिर रेस धरून मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा दोन मिनिटांचा आलेख मोबाइलवर टिपून ठेवा. कन्व्हर्टर ठेवायचा की बदलायचा, ते त्या आलेखावरून सांगता येईल.